हिरव्यावर पाय

भाद्रपद आला की मला राग येतो. कुणाकडं गणपती येतात, कुणाकडं गौरी येतात, आमच्या जैनांत दशलक्षणाचे, म्हणजे पर्युषणाचे दिवस येतात, आणि मला आपला राग येतो. इथं बेळगावात गणपत गल्लीच्या तोंडाशी तेरड्याच्या जुड्या घेऊन बाया बसल्या की मी रस्ता बदलून पलीकडनं जाते. पाऊस उघडून चार घटका ऊन पडलं, गच्चीवरच्या कुंडीवर एखादं पिवळं फुलपाखरू येऊन बसलं, तरी माझ्या कपाळाला आठी पडते. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण राग काही दोष बघून येत नाही.

गेल्या वर्षापर्यंत असं नव्हतं. तोवर भाद्रपद म्हणजे माझ्या माहेरचा माळ होता. परवा अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. निपाणीच्या पुढं, बोरगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथली शेती तोच बघतो. म्हणाला, "पद्मा, माळ हिरवागार झालाय बघ. गेल्या वर्षी उगंच डोकं फिरवून घेतलीस. रविवारी ये की बघाय." मी फोन ठेवला आणि भाकरीचं पीठ असं मळायला घेतलं की माझा नवरा, अजित, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "कुणाला मळायला लागलीयेस एवढं?" म्हणाला.

माळ म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. गावाच्या वरच्या अंगाला तांबड्या मुरमाचा एक चढ. खाली सगळा ऊस आणि तंबाखू, आणि वर हे कुणाच्याच कामाचं नसलेलं रान. नांगर घातला तर दगड निघतात, विहीर पाडली तर पाणी लागत नाही. पणजोबांच्या आधीपासून तो आमच्या घराकडं आहे, आणि चातुर्मासात त्याच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही हा नेमही तेव्हापासूनचा. आम्ही जैन. पावसाळ्यात जमिनीवर जीव फार, हिरव्याच्या बुडाशी तर पावलागणिक. म्हणून आषाढातल्या चतुर्दशीपासून दिवाळी होईपर्यंत माळ बंद. गुरं नाहीत, विळा नाही, माणूस नाही. गवत पिवळं पडून वाळलं की मग कापायचं. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. आजूबाजूच्या मराठ्यांच्या, धनगरांच्या घरातनंही कुणी कधी आत शेळी सोडली नाही. "बस्तीवाल्यांचा माळ हाय, दिवाळीपतोर न्हाय जायचं," एवढं पोराटोरांना सांगितलं की काम भागायचं. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर.

आत जायचं नाही म्हटल्यावर बघायचं तरी कसं? त्यासाठी आमच्या घरात माळफेरी होती. पर्युषणाच्या आधीच्या रविवारी घरातले सगळे दशम्या बांधून निघायचे. माळाच्या कडेकडेनं बैलगाडीची वाट गेली होती, तिच्यावरनं चालायचं. त्या वाटेच्या मधला पट्टाही हिरवा असायचा, तो चुकवून चाकोरीतनं एकामागं एक. पुढं आप्पा, म्हणजे माझे वडील. तोडायचं नाही, वेचायचं नाही, फक्त बोट करून सांगायचं. जो आधी बघेल त्याचं ते. "माझी आभाळी." "माझा चंडोल." "माझी दोन फुलपाखरं, एकावर एक बसलीत ती." घरी येताना ज्याचं जास्त, त्याला आईच्या हातची पहिली दशमी.

अजून डोळे मिटले की दिसतं सगळं. मुरमावर पसरलेली निळ्या फुलांची आभाळी. ओलाव्यात निळी-जांभळी सीतेची आसवं, इतकी बारीक की उभ्यानं बघितली तर दिसायचीच नाहीत. कवळ्याची पिवळीधमक फुलं, कानांसारख्या पाकळ्यांची. बांधावर चढलेली कळलावी, जिला आम्ही भावंडं दिवटी म्हणायचो. खुळखुळ्याचे पिवळे तुरे, त्याच्या शेंगा वाळल्या की वाऱ्यावर लहान पोराच्या खेळण्यासारख्या वाजायच्या. चंडोल गवतातनं सरळ वर चढायचा, गात गात इतका वर की मान दुखायची, आणि मग गाणं मधेच टाकून दगडासारखा खाली. लावे दिसायचे नाहीत, नुसते बोलायचे. टिटवी मात्र आम्हाला बघितलं की सगळा माळ डोक्यावर घ्यायची. आप्पा हसून म्हणायचे, "व्हय बाई, चाललोय. तुझ्याच घरात कशाला येतोय आम्ही."

आणि मधेच आप्पा हात वर करायचे. "थांबा. पाय उचलू नका." चाकोरीत एखादा सुरवंट आडवा चाललेला असायचा. मग आई, आम्ही भावंडं, डोक्यावर गठुडं घेतलेली आत्या, सगळी वरात जिथल्या तिथं उभी. सुरवंटाला कुठं घाई? तो अर्ध्यावर थांबायचा, मान वर करून वास घ्यायचा, परत निघायचा. आम्ही तो पलीकडच्या गवतात शिरेपर्यंत उभे. त्यात सगळ्यात शांत उभा राहायचा तो अण्णा. आमच्यात हळवा तोच. मुंग्यांच्या भोकाशी रोज सकाळी चिमूटभर पीठ टाकल्याशिवाय चहा प्यायचा नाही. एकदा गाडीच्या चाकाखाली बेडूक सापडला तर हा दिवसभर जेवला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे. माझा भाऊ क्रूर असता तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती, मी त्याच्याशी एकदाच कडाडून भांडून मोकळी झाले असते.

लग्न होऊन मी बेळगावला आले. अजित उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आहे. आठवडाभर काळी वाळू, जळकं तेल आणि भट्टीची धग; रविवारी त्याला हिरवं दिसलं नाही तर त्याचं डोकं उठतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे माझंही डोकं उठलेलंच असतं. पहिल्या वर्षी त्याला माळफेरीला नेलं. बेळगावच्या शहापुरात वाढलेला माणूस, त्याला काय ठाऊक? एक निळं फुलपाखरू बघितलं आणि त्यानं सरळ वाट सोडून आत पाय टाकला. आप्पा ओरडले नाहीत. हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, "पावणं, पाय." अजितनं असा पाय मागं घेतला, जसा काही तो निखाऱ्यावरच पडला होता. तेव्हापासून तो आमच्यापेक्षा कडक. नंतर आप्पा गेले, फेरी अण्णाकडं आली, आणि आम्ही दरवर्षी मोटरसायकलवरनं जात राहिलो.

मधली काही वर्षं आम्ही श्रावणात घाटमाथ्यावर कणकुंबीकडंही जायचो. आता ते नाव काढलं तरी तोंड कडू होतं. रविवारी तिथं गाड्यांची रांग. लोक फुलं बघायला येतात आणि फुलांवरच बसतात. बसतात कसले, लोळतात. एकजण मोबाईल धरून उभा, एकजण फुलांत आडवी, गाणं लावलेलं, परत परत तेच, ती उठली की तिथं तिच्या आकाराचा खळगा. मग दुसरी. कुरकुऱ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आणि वर "नेचर किती छान आहे ना". एकदा न राहवून मी एका पोरीला उठवलं. तिचा बाप आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या बापाची जागा हाय काय?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण गाडीवर बसल्यावर मी अजितला म्हटलं, "माझ्या बापाची जागा आहे. बोरगावजवळ आहे. तिथं असलं कुणी येत नाही." आणि आम्ही कणकुंबी सोडून दिली. मनात एक ताठा होता, की आपलं रान आपल्या नेमानं राखलंय.

तो ताठा गेल्या भाद्रपदात उतरला.

गावात शिरून आम्ही वरच्या वाटेला लागलो तेव्हा आधी वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा, घरात ढेकणांचं औषध मारल्यावर येतो तसला. मला वाटलं कुणाच्या तरी उसात फवारणी चालली असेल. मग वळण घेतलं आणि अजितनं गाडीच थांबवली. समोर माळ होता, पण चैत्रातला. भाद्रपद महिना, खाली ऊस काळाभोर, बांध हिरवे, ओढ्याला पाणी, आणि मधे आमचा माळ तेवढा करपलेला. गवत उभंच होतं, वाळून खडखडीत. आभाळी काळी पडून आडवी झाली होती. कवळा कुठला आणि कळलावी कुठली, ओळखता येत नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं आग लागली. पण आग गवत असं उभं सोडत नाही.

अण्णा गाडीवाटेवर उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, प्रसन्न. "आलासा? या पावणं, या," म्हणाला. मी विचारलं, "हे काय झालं?" तर म्हणाला, "झालं न्हाय, केलंय."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकताना मी अजितच्या खांद्याला धरून उभी होते. गेल्या वर्षी गावच्या बस्तीत एक महाराज चातुर्मासाला होते. पर्युषण संपल्यावर क्षमावाणी असते, सगळे एकमेकांची क्षमा मागतात तो दिवस. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतनं लोक येणार, बस्तीच्या अंगणात मावणार नाहीत, म्हणून पंचांनी ठरवलं की मंडप माळावर घालायचा. जागा आमची, त्यामुळं मान अण्णाचा. पण महाराज हिरव्यावर पाय ठेवत नाहीत. त्यांच्या पावलाखालची जागा प्रासुक लागते, म्हणजे जिथं जीव नाही अशी.

"मग आता बघ," अण्णा बोटांवर मोजत म्हणाला, "कापावं तर विळ्याखाली किती किडं जात्यात. कुळव घालावा तर गांडुळं तुटत्यात. लई इचार केला मी. रात-रात झोप न्हाय. मग निपाणीच्या दुकानदारानं सांगितलं, औषध मारा. हात लावाय नको, लोखंड लावाय नको. गवत आपलं आपण वाळतंय. एक जीव मरत न्हाय बघ ह्याच्यात."

"गवताला जीव नाही का अण्णा?" मी म्हटलं. "हिरव्यात जीव असतो म्हणूनच तर आपण पाय ठेवत नाही ना?"

"म्हणून तर म्या सोता न्हाय मारलं," तो म्हणाला. "माझा नेम हाय. गडी लावला."

आता ह्यावर माणसानं हसावं की रडावं? जन्मभर ज्या गवतावर पाऊल टाकलं नाही, ते पाऊल टाकता यावं म्हणून मारून टाकलं, आणि तेही दुसऱ्याच्या हातानं, म्हणजे आपण नेमात. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की शब्दच फुटेनात. अण्णाला वाटलं मला पटलं. त्यानं पुढं होऊन हात केला. "आणि हे बघ. तुला फुलपाखरं आवडत्यात न्हवं? उलट वाढल्यात."

खरंच होती. वाळलेल्या खुळखुळ्याच्या एकेका फांदीला घोसच्या घोस लटकले होते. तांबूस पंखांची, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके. निळसर पट्ट्यांची, तपकिरी. हात लांब केला असता तर ओंजळ भरली असती. इतकी फुलपाखरं एका जागी मी माळावर कधी बघितली नव्हती, आणि ती बघून मी दोन पावलं मागं सरले. कारण मला ठाऊक होतं ती कशाला आलीत. खुळखुळा मरायला लागला, पानं सुकायला लागली, की त्यातला कडू रस चोखायला ह्या जातीची फुलपाखरं येतात, बहुतेक सगळे नर. तो रस त्यांना लागतो. एखादी फांदी मोडली तर चार येतात. इथं अख्खा माळ मोडला होता.

मी अण्णाला हे सांगितलं. शाळेतल्या पोरांना सांगते तसं नीट, सावकाश सांगितलं. तो मान हलवत राहिला. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, लग्नाला आलेले पावणे नव्हेत हे. मयताला आलेत."

"काय बाई तोंड तुझं," अण्णा म्हणाला. "सणासुदीचं."

आणि तरी त्याचं संपलं नव्हतं. मधोमध, वाळल्या गवतात एक गोल हिरवा तुकडा राहिला होता, घराच्या अंगणाएवढा. त्यात एक काठी रोवून तिला तांबडं फडकं बांधलं होतं. फवारणीच्या वेळी अण्णा गाडीवाटेनं गड्यावर लक्ष ठेवून चालत होता, तेव्हा गड्याच्या पायातनं लावा उडाला. अण्णानं पंप थांबवला. "तिथं घरटं हाय. तेवढं सोड, चारी बाजूनं सोड," म्हणाला. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. मी त्या तुकड्याकडं बघितलं. करपलेल्या माळात हिरवा असा तेवढाच, लांबून कुणालाही दिसावा असा, आणि वर निशाण. काठीवर कावळा बसला होता.

मग मात्र मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "आप्पा सुरवंटासाठी थांबायचे रे, आणि तू सुरवंटाचं जेवणच जाळलंस." अण्णा लाल झाला. म्हणाला, "चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला धर्म शिकवाय लागलीस व्हय गं?" वहिनी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन वर येत होती, ती अर्ध्या वाटेवरच थबकली. अजित दोघांच्या मधे उभा राहून नुसता "अण्णा, तुम्ही बसा... पद्मा, तू गप्प," करत होता. त्या दिवशी मी माहेरी पाणीसुद्धा न पिता निघाले. बाईमाणसाला हे सोपं नसतं. वहिनीनं धावत येऊन दशम्या पिशवीत कोंबल्या. संकेश्वरच्या पुढं अजितनं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "खा आधी. उपाशीपोटी राग जास्त चढतो." मी खाल्लं, आणि खाऊनही तेवढाच चढला.

आता पुढचं ऐका. क्षमावाणीच्या आदल्या दिवशी असा पाऊस कोसळला की मंडपाचे खांब आडवे झाले. कार्यक्रम गावातल्या मंगल कार्यालयात झाला. महाराजांचं पाऊल माळावर पडलंच नाही. वहिनीनं मागाहून मला सांगितलं, की अण्णानं महाराजांना हळहळून म्हटलं, तुमच्यासाठी एवढं रान प्रासुक करून ठेवलं होतं. महाराज म्हणे नुसतं म्हणाले, "गाडीवाट होती ना?" एवढंच. होती की. पणजोबांपासून होती. पण त्यांना आधी विचारायला कोण गेलंय? पंचांनी ठरवलं, दुकानदारानं विकलं, गड्यानं मारलं, अण्णानं मान मिळवला. ज्यांच्यासाठी केलं त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी अण्णाचा फोन आला. दरवर्षी येतो. क्षमावाणीला थोरल्यानं धाकट्याची क्षमा मागायची आणि धाकट्यानं थोरल्याची. "पद्मा, वर्षभरात चुकलं-माकलं असंल तर क्षमा असावी," म्हणाला.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"आता कशाबद्दल म्हणजे? सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल नको. एका गोष्टीबद्दल माग."

मग तो म्हणाला, आणि खरोखर समजत नसल्यासारखा म्हणाला, "माळाचं म्हणतीस व्हय? त्यात काय चुकलं ते तर सांग. मग मागतो की." मी फोन ठेवून दिला. माझी क्षमा मागायची राहिली ती राहिलीच.

वर्षभर मी हा राग सांभाळला आहे. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, एक माळ. बेळगावच्या भोवती रोज एक टेकडी खाल्ली जाते, रोज कुठंतरी लेआउट पडतो, त्याचा राग धरायचा सोडून सख्ख्या भावाचा धरून बसलीस. पण टेकडी खाणारा माणूस तोंडानं जीवदयेचं नाव घेत नाही. त्याच्याशी भांडता येतं, त्याला शिव्या देता येतात. मुंग्यांना पीठ घालणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? त्याचं मन साफ आहे आणि माळ मेला आहे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्याचाच मला संताप येतो. आम्ही पावलाची एवढी काळजी केली की डोळे कधी वर उचललेच नाहीत. पाणी गाळून प्यायलो आणि गाळणं धुतलेलं कुठं जातं ते बघितलं नाही. आपल्या हातून काही मरू नये, एवढीच आमची धडपड. काही जगावं, ही वेगळीच गोष्ट असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आप्पांना ठाऊक होतं असं मला वाटतं, पण त्यांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. ते नुसते थांबायचे.

तर मी रविवारी गेले. अजित म्हणाला, भांडायला चालली असशील तर मी येत नाही. मी म्हटलं, बघायला चाललेय. दोघंही खोटं बोलत होतो.

माळ हिरवा होता. अण्णा खोटं बोलत नाही. वळण घेतलं आणि समोर कमरेपर्यंत गच्च हिरवं, वर बारीक पांढऱ्या फुलांची साय. सगळं गाजरगवत. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दुसरं एक पान नाही. जुनं गवत मुळासकट गेलं, रान उघडं पडलं, आणि हे येऊन बसलं. अजितला लगेच शिंका सुरू झाल्या. आम्ही चाकोरीत उभे राहिलो. खालच्या उसातनं कोतवाल पक्ष्याचा आवाज येत होता, विहिरीवरच्या बाभळीत सुगरणींची गडबड चालली होती, पण माळावरनं काही नाही. चंडोल नाही, लावा नाही. जिला आम्ही सगळे कंटाळायचो ती टिटवीसुद्धा नाही. खुळखुळा नव्हता, त्यामुळं ते तांबडे पावणेही नव्हते.

अण्णा आला. वर्षभरात थोडा वाकलाय. माझ्याकडं न बघता माळाकडं हात करून म्हणाला, "झालं का न्हाय हिरवं?" मग म्हणाला, "यंदा फुलपाखरं कुठं दिसंनात गं."

"गेल्या वर्षी जेवून गेली ना मयताचं," मी म्हटलं.

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "पर ह्यानं अंग खाजतंय लई. वाटंनं जाणारी माणसं कटकट कराय लागल्यात. म्हणून म्हणतो, बेस्तवारी परत एक हात मारून घ्यावा. मागचं औषध शिल्लक हाय. पंप धुऊन ठेवलाय."

मी म्हटलं, "अण्णा, परत मारलास तर परत हेच उगवेल, ह्याच्या दुप्पट. आता फुलोऱ्यात आहे, बी पडायच्या आधी हातानं उपटायचं. जिथं उपटू तिथं जुन्या गवताला जागा होईल. बांधावर अजून पवन्या गवत आहे, कवळा आहे, तिथनं बी येईल. दुसरा उपाय नाही."

"उपटायचं?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "चातुर्मासात? आत हिरव्यात शिरून? नेम मोडून?"

"मग पंप नेमात बसतो का?"

मी चप्पल काढली, पदर खोचला, आणि वाट सोडून आत पाय टाकला.

"पद्मा, पाय." हुबेहूब आप्पांचा आवाज. माझा पाय तिथल्या तिथं अडखळला. जन्मात कधी मी भाद्रपदात माळावर पाऊल ठेवलं नव्हतं. तळव्याला ओला मुरूम लागला आणि अंगावर काटा आला. मला रडूच आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला, की हे पाऊल टाकायची वेळ ह्यानं माझ्यावर आणली. मी पहिलं झाड बुडाशी धरलं आणि ओढलं. पावसानं जमीन भिजली होती, सहज आलं. वाटेवर फेकलं. दुसरं ओढलं. अजित रुमाल नाकाला बांधून माझ्या मागनं आत आला. वहिनीनं घरनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या, आम्ही हातांना गुंडाळल्या. हात तरी खाजायचे ते खाजलेच. अण्णा चाकोरीत उभा. वहिनीनं दोनदा जेवायला हाक मारली, तो हलला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही गाडीवाटेच्या कडेनं एक पट्टा मोकळा केला होता, बैलगाडी जाईल एवढा. एवढ्या मोठ्या माळात तेवढा काहीच नव्हे. मी एक मोठं झाड ओढून काढलं आणि फेकायला वळले, तर अण्णा वाटेच्या अगदी कडेला आला होता. पाय चाकोरीतच, पण दोन्ही हात पुढं. "दे इकडं," म्हणाला. "म्या रचतो."

मी ते त्याच्या हातात देणार, एवढ्यात तो घाईनं म्हणाला, "थांब. आधी झटक. बुडाला काय असंल गं. किडा, मुंगी."

मला वाटलं, आता ह्याच्या तोंडावरच फेकावं. सगळा माळ मारून बसलेला हा माणूस मला सांगत होता की मुंगी बघ. हातात झाड तसंच धरून मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याचा चेहरा लहानपणी होता तसाच होता.

मी झटकलं. मुळांना लागलेला मुरूम चाकोरीत सांडला. काहीच पडलं नाही. दुसरं उपटलं, झटकलं. काहीच नाही. तिसरं त्यानं माझ्या हातातनं ओढून घेतलं आणि स्वतः झटकलं, जोरात, परत, परत. मग ते बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर बसला, चष्मा वर सारला, आणि सांडलेल्या मातीत बोट फिरवत काही हलतंय का बघत राहिला, आप्पा सुरवंट पलीकडं जाईपर्यंत थांबायचे तसा. आम्हीही थांबलो. पलीकडं जायला काहीच नव्हतं.